दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस, आणि आता लेकीच्या बाळंतपणाला कॅनडा

ठिबकवाला

मंडळी, नमस्कार. जरा लांबड लावणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी फैजपूरकडचा. चार एकर केळी आणि ठिबकच्या सामानाचं एक दुकान. वय सत्तावन्न. एकच लेक, ती कॅलगरीला. जावईबापू तिथेच नोकरीला. फेब्रुवारीत तिचं पहिलं बाळंतपण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती इकडे येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरालाच उठून तिकडे जावं लागणार. आमच्या मंडळींनी डिंक आणि खारीक दिवाळीआधीच आणून डब्यात भरून ठेवलंय.

अडचण अशी. ३१ डिसेंबर २०१९ ला बामणोदला मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काट्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची पुरी. भरिताबरोबर जे असतं तेही होतं. तीन पेग झाले. घरी अजूनपर्यंत दोनच सांगितलेत. रात्री साडेअकराला मोटरसायकलवर परत निघालो, वाटेत नाकाबंदी. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, त्यातून एसटीच्या तिकिटाएवढी चिठ्ठी निघाली. मग सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरसमोर उभं केलं. त्यांनी सरळ रेषेत चालायला लावलं, नाव-गाव विचारलं. मोटरसायकल ठाण्यातच राहिली.

२ जानेवारीला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? म्हटलं, आहे. दहा हजार दंड झाला. लगेच भरला. पाऊण वाजले होते. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं, ते मी कोर्ट सुटेपर्यंत बसून होतो. वाटलं, पावतीला वेळ लागत असेल. लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. त्यात मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, म्हणजे गाडी तशीही अंगणातच उभी होती. विषय संपला, असं मी सहा वर्षं धरून चाललो.

आता व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. एक प्रश्न आहे: कोणत्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, शिक्षा झाली आहे का? जावईबापू फोनवर म्हणाले, "पप्पा, याला तर नोच आहे ना?" मी म्हटलं, रेंज जातेय.

ज्या एजंटकडे गेलो त्याने वीस हजार सांगितले आणि म्हणाला, काका, तो काय मर्डर आहे का? ट्रॅफिकचा दंड आहे, नो टिक करा. मला ते पटत नाहीये. पण हो लिहिलं आणि व्हिसा नाकारला, तर लेकीला काय सांगू? तिला यातलं काहीच माहीत नाही.

तर विचारायचं हे की दंड भरला म्हणजे शिक्षा झाली असं धरतात का? कॅनडावाल्यांना कळतं का? आणि माझ्यामुळे मंडळींचाही व्हिसा अडकेल का?

---

चोपड्याचा_पाव्हणा

कसाले टेन्शन लेतस काका! अशा दंडाला कोण विचारतं. माझ्या मामेभावाची डिट्टो हीच केस, तो गेल्या उन्हाळ्यात युरोपच्या सात देशांत टूरसोबत फिरून आला. कोणी हूं का चूं केलं नाही. बिनधास्त नो करा आणि लाडू बांधायला घ्या.

---

धुळेकर_ब्रॅम्प्टन

पाव्हणा, तुझा मामेभाऊ युरोपला गेला, कारण शेंगेनच्या फॉर्मवर हा प्रश्नच नसतो. ज्या परीक्षेत गणिताचा पेपरच नाही, तिथे सगळेच पास. कॅनडा एकदम वेगळं प्रकरण आहे भो.

काका, मी इथे नऊ वर्षं ट्रक चालवतो, म्हणून हा विषय मला पाठ आहे. दारू पिऊन गाडी चालवणं हा इथे पावती फाडायचा गुन्हा नाही. १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षं केली. बाहेरच्या माणसाला देशात घ्यायचं की नाही हे ठरवताना तुम्हाला तिकडे किती शिक्षा लागली ते बघत नाहीत. तोच गुन्हा कॅनडात केला असता तर जास्तीत जास्त किती लागली असती, ते बघतात. दहा वर्षं किंवा त्यावर असेल तर तो गंभीर गुन्ह्याच्या खान्यात जातो. तुमची तारीख ३१ डिसेंबर २०१९. म्हणजे नवीन कायदा लागू झाल्यावर वर्षभराने.

जुन्या कायद्यात एक सवलत होती. असा एकच गुन्हा असेल आणि शिक्षा संपून दहा वर्षं झाली असतील तर माणूस आपोआप सुधारला असं मानत. नव्या कायद्याखालच्या गुन्ह्याला ते नाही. वीस वर्षं थांबलात तरी आपोआप काही होत नाही, अर्ज करावाच लागतो.

आणि नो लिहायचं म्हणाल, तर खोटी माहिती दिली म्हणून पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. आमच्या इथल्या एकाच्या वडिलांनी जुनी केस लपवली होती. कशी कळली देव जाणे. ऑफिसरचं पत्र आलं की आमच्याकडे अशी माहिती आहे, तुमचं म्हणणं काय ते कळवा. म्हातारा काय म्हणणं कळवणार? त्या पोराचं लग्न व्हिडिओ कॉलवर पाहिलं त्यांनी. केस दारूची होती, पण व्हिसा नाकारला तो खोटेपणासाठी.

एजंटला एकच विचारा: खाली सही कोणाची राहणार, तुझी का माझी? कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर परवाना लागतो. परवानेवाल्यांची यादी त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या साईटवर आहे, तिथे त्याचं नाव शोधून बघा. नाही सापडणार, पैज लावतो.

---

कोर्टाची_पायरी

मी जळगाव जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो. कॅनडाचा कायदा हा माझा प्रांत नाही. इकडच्या बाजूचं सांगतो.

मोटार वाहन कायदा, कलम १८५. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही. सिग्नल तोडल्याची पावती पोलीस फाडू शकतात, याची नाही. म्हणूनच तुम्हाला कोर्टात उभं केलं. तुम्ही कबुली दिली, कोर्टाने दोषी ठरवलं. कबुलीवर झालेली दोषसिद्धी ही खटला चालून झालेल्या दोषसिद्धीइतकीच पक्की. पक्षकार दंड भरून बाहेर येतात आणि घरी सांगतात, पावती फाडून आलो. मी रोज ऐकतो.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्या भाषेत. सोसायटीचं कर्ज फेडलं की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. पण फेरफाराची नोंद कोणी खोडतं का?

आणि कळणार कसं म्हणाल, तर ई-कोर्ट्सच्या साईटवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून तुम्हीच शोधून बघा. प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. घरबसल्या दिसतं.

पासपोर्टची चिंता नको. पासपोर्ट कायद्यात शिक्षेमुळे नकार द्यायचा तर नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद लागते, तीही मागच्या पाच वर्षांतली. तुमचं त्यात बसत नाही. केस प्रलंबित असती तर कोर्टाची परवानगी आणावी लागली असती. तुमची निकाली आहे, हे उलट बरं.

आता काम सांगतो. आठवणीवर एक अक्षर लिहू नका. कोर्टात जाऊन निकालाची प्रमाणित नक्कल काढा. सोबत दोषारोपपत्र, मशीनची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा दाखला यांच्याही नकला मागा. किरकोळ खटल्यांचे कागद काही वर्षांनी नष्ट करतात, तेव्हा उद्याच जा. मशीनवर आकडा किती आला होता, आठवतं का?

---

शिरपूरची_सून

कॅनडाचं नाही, पण अमेरिकेचं आमच्या घरात होऊन गेलंय ते सांगते. कोणाला उपयोग होईल.

मिस्टरांना २०२२ मध्ये पुण्यात पकडलं होतं, ऑफिसच्या पार्टीहून येताना. कोर्ट, दंड, सगळं तुमच्यासारखंच. २०२४ ला कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. तिथल्या फॉर्मवर प्रश्न असा की कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, माफी मिळाली असली तरी सांगा. हे म्हणाले, नो लिहितो. मी म्हटलं, मग मी सासऱ्यांना सांगते. तेव्हा यस लिहिलं.

मुंबईत बीकेसीला, अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला गेले. फाईलमध्ये कोर्टाचे सगळे कागद लावलेले. ऑफिसरने दोनच प्रश्न विचारले: अपघात झाला होता का, आणि त्यानंतर पुन्हा असं झालं का. दोन्हीला नाही. व्हिसा त्या दिवशी मिळाला नाही. एक चिठ्ठी दिली की आमच्या यादीतल्या डॉक्टरकडे तपासणी करून या. तेव्हा आम्ही घाबरलो, पण नंतर कळलं की त्यांचा तो नियमच आहे. मागच्या पाच वर्षांत दारूवरून एकदा जरी अटक झालेली असली, किंवा दहा वर्षांत दोनदा, की डॉक्टरकडे पाठवतात. पिण्याचा आजार आहे का, त्यातून लोकांना धोका आहे का, एवढंच बघतात. एका केसने अमेरिकेचं दार आपोआप बंद होत नाही.

डॉक्टरांनी तासभर घेतला. रक्त तपासलं. आठवड्याला किती पिता, सकाळी हात थरथरतात का, बायको काय म्हणते? हे म्हणाले, बायको बाहेरच बसलीय, बोलवू का? डॉक्टर हसले म्हणे. तीन आठवड्यांनी पासपोर्ट व्हिसा लागून परत आला. खर्च सगळा पदरचा.

नंतर दिरांनी लंडनसाठी फॉर्म भरला तेव्हा पाहिलं, तिथे तर गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचा दंडसुद्धा वेगळा विचारतात. ऑस्ट्रेलियात विमानातून उतरताना जे कार्ड भरायचं असतं त्यावरही शिक्षेचा प्रश्न आहे. तेव्हा काका, हा प्रश्न तुमच्या मागे सगळीकडे येणार. एकदाच नीट कागद करून ठेवा.

आणि लेकीला सांगून टाका. तिला तिकडे कोणाकडून तरी कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

---

ठिबकवाला

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितोय. मधे केळीची कटाई होती, व्यापारी दारात उभा, भाव रोज खाली. ते जाऊ द्या.

वकीलसाहेब, तुमचं ऐकून दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेलो. केस नंबर माहीत नव्हता. ई-कोर्ट्सवर माझं नाव टाकलं तर आमच्याच आडनावाचे अठरा जण निघाले, त्यात एक माझा चुलतभाऊ. त्याची कसली केस ते मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहिलं. बांधाची आहे. शेवटी २०२० च्या यादीत माझा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) नंबर सापडला. अर्ज लिहिला, स्टॅम्प लावले. नक्कल विभागातल्या बाई म्हणाल्या, गठ्ठा वर आहे, चार दिवसांनी या. सहाव्या दिवशी मिळाली.

गठ्ठा सोडताना मी समोरच उभा होतो. लाल कापडात बांधलेला, वरती धूळ. माझी केस म्हणजे अवघे नऊ कागद. मशीनची ती चिठ्ठी दोषारोपपत्राला टाचणीने लावलेली होती. उचलून पाहिली तर पांढरीफट्ट! सहा वर्षांत अक्षरं उडून गेलेली, एक रेघ शिल्लक नाही. माझ्या पोटात गोळाच आला. बाई म्हणाल्या, अहो, ही चिठ्ठी अशीच उडते, एटीएमच्या पावतीसारखी. मग मागचं पान उलटलं. तिथे हवालदारसाहेबांनी निळ्या पेनने पंचनाम्यात लिहून ठेवलं होतं: मशीनवर ६१ दिसले. त्या माणसाला मी त्या रात्री मनात काय काय बोललो होतो. आज त्याच्या अक्षराने जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांचा दाखला पण होता. चार ओळी. तोंडाला दारूचा वास येतो. चाल सरळ. बोलणे स्पष्ट. वेळ-स्थळाचे भान आहे.

आता खरी गोष्ट. निकाल एकाच परिच्छेदाचा. मी तो तिथेच उभ्याने वाचला. "आरोपीस न्यायालय उठेपर्यंत साध्या कैदेची व रु. १०,०००/- दंडाची शिक्षा. दंड न भरल्यास दहा दिवस साधी कैद."

न्यायालय उठेपर्यंत साधी कैद. मंडळी, ते बाकावर बसणं, ती माझी कैद होती! मी तिथे शेंगदाणे खात बसलो होतो. पाचला शिपाई म्हणाला, जा आता. मी त्याला विचारलंसुद्धा, पावती कुठे मिळेल? सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो की फक्त दंड झाला. फॉर्मवर हो लिहिलं असतं तरी पुढे "फक्त दंड" असंच लिहिलं असतं, आणि तेही खोटंच ठरलं असतं.

अजून एक. निकालात माझं वय ४५ लिहिलंय, तेव्हा होतं ५१. आणि नावात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं होईल असं आहे. याचं काय करायचं?

---

कोर्टाची_पायरी

म्हणूनच नक्कल काढायला सांगितलं होतं. न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा ही कैदच असते. माझेच पक्षकार मला विचारतात, वकीलसाहेब, बसवून कशाला ठेवलंय? फॉर्मवर निकालात आहे तसंच लिहायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

वय आणि नाव: निकालात आता खाडाखोड होणार नाही. तो मीच आहे, वय चुकीचं नोंदलं गेलं आहे, असं शपथपत्र करा आणि त्याला जन्माचा दाखला जोडा. नक्कल मराठीत आहे, तेव्हा इंग्रजी भाषांतर लागेल, भाषांतर करणाऱ्याच्या शपथपत्रासह. स्वतः किंवा घरच्याने करायचं नाही. "न्यायालय उठेपर्यंत" याचं भाषांतर नीट होतंय का, ते डोळ्यात तेल घालून बघा. एका भाषांतरकाराने त्याचं "कोर्ट उभं राहीपर्यंत" करून ठेवलेलं मी पाहिलंय.

आणि तो ६१. हा आकडा मी सहज विचारला नव्हता. आपली मर्यादा ३०. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ८०. धुळेकर म्हणतात तसं, तिथे बघायचं असतं की तुम्ही इथे केलेलं कृत्य तिथल्या कायद्याने गुन्हा ठरतं का. ६१ वर इथे तुम्ही दोषी. तिथल्या ८० च्या पोटकलमात मात्र बसत नाही.

लगेच खूश होऊ नका. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: दारूमुळे गाडी चालवायची क्षमता थोडीही कमी झाली असेल तर गुन्हा, मग आकडा काहीही असो. तिथे तुमच्या डॉक्टरांच्या चार ओळी कामाला येतील. चाल सरळ, बोलणे स्पष्ट. अपघात नाही, कोणाला इजा नाही. ही मांडणी कॅनडातला वकीलच करू शकतो, मी नाही आणि तुमचा एजंट तर नाहीच. पण कागद हातात नसते तर ती करताच आली नसती.

---

धुळेकर_ब्रॅम्प्टन

वकीलसाहेबांनी ८० चा मुद्दा काढला, हे झकास केलं. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण आमच्या इथे पकडलेले सगळे ८० च्या वरचेच असतात.

काका, आता रस्ते ऐका. वकिलाने लिहून द्यायचं की हा गुन्हा कॅनडाच्या गुन्ह्याशी जुळत नाही, आणि तो मुद्दा व्हिसाच्या अर्जासोबतच जोडायचा. ऑफिसरला पटलं तर प्रश्नच मिटला. नाही पटलं तर तात्पुरत्या निवासाचा परवाना मागता येतो. त्यात ऑफिसर दोन गोष्टी तराजूत टाकतो: तुमचं येणं किती गरजेचं आहे आणि तुमच्यापासून धोका किती आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण हे कारण म्हणून चांगलं आहे, पण हक्क म्हणून मागता येत नाही. दिलाच तर लागेल तेवढ्याच दिवसांचा देतात.

कायमचं निस्तरायचं तर पुनर्वसनाचा अर्ज, म्हणजे माणूस सुधारला हे त्यांच्याकडून मान्य करून घ्यायचं. त्याला शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं व्हावी लागतात, आणि गाडी चालवायला बंदी असेल तर ती संपल्यापासून मोजतात. तुमचं लायसन्स जुलै २०२० ला सुटलं ना? म्हणजे जुलै २०२५ ला पाच वर्षं झाली. अर्ज करता येईल. गंभीर गुन्ह्याच्या खान्यातली फी हजार डॉलरच्या वर आहे, आणि निकालाला वर्ष किंवा जास्तही लागतं. फेब्रुवारीच्या आत काही तो व्हत नाही. नातवाच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी धरून चाला.

काकूंचा अर्ज वेगळा टाका, आजच. त्यांच्या नावावर काही नाही, तुमच्या केसचा डाग त्यांना लागत नाही. तुमच्या अर्जाच्या शेपटीला बांधून त्यांना अडकवू नका. बाळंतिणीला कोण जास्त लागतं, तुम्ही की काकू, ते तुम्हालाच माहीत.

---

चोपड्याचा_पाव्हणा

काका, माफ करा. मी मामेभावाला आत्ता फोन करून विचारलं. तो म्हणतो, त्याची केस झालीच नव्हती, दोनशे रुपयांत मिटवलं होतं.

---

ठिबकवाला

पाव्हणा, ते इथे लिहायला नको होतं.

परवा रात्री लेकीला सांगितलं. फोन लावायच्या आधी काय बोलायचं ते दुकानाच्या बिलबुकावर लिहून घेतलं होतं. दोन वाक्यं वाचली आणि ती म्हणाली, पप्पा, पेग किती होते? मी म्हटलं, तीन. मागून मंडळींचा आवाज आला, "तीन?" म्हणजे तेही त्याच फोनवर निघालं. पुढचे दोन दिवस घरात मुगाची खिचडी.

मंडळींचा अर्ज काल गेला. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचंय, त्यांच्यासोबत मीही जाईन. माझे कागद कॅलगरीच्या एका वकीलबाईंना पाठवलेत. त्यांची पहिली ई-मेल आली: पांढऱ्या चिठ्ठीचाही फोटो पाठवा, आणि निळ्या पेनच्या पानाचा मोठा करून. जावईबापू म्हणाले, फी मी भरतो. मी नको म्हटलं. त्या दिवशी दहा हजार माझे गेले होते, हेही माझेच जाऊ देत.

भाषांतरकार जळगावात सापडले. त्यांनी "उठेपर्यंत" बरोबर केलंय, मी दोनदा वाचून घेतलं.

आता फक्त डिंकाचे लाडू कॅनडात नेता येतात का, तूप चालतं का, हे कोणी सांगाल का? की त्यासाठी वेगळा धागा काढू? डबा भरून झालाय.

---

धुळेकर_ब्रॅम्प्टन

वेगळा धागा काढा. आणि विमानतळावर कस्टम्सच्या फॉर्ममध्ये खायचं सामान आहे असं लिहायला सांगा काकूंना. तिथेही नो नको.